दिवड, नग एक

मडावी बाईंनी वनखात्याच्या वहीत लिहिलं:
दिवड, नग एक, बिनविषारी, कात अडकलेली.
मग मला म्हणाल्या, पाळायची नाही हां,
पाहुणी समज. कात निघाली की बोडीवर सोडू.
मी हो म्हटलं.
घरी येईस्तोवर मनात तिचं नाव ठेवून झालं होतं.

ढिवरांच्या सुकत टाकलेल्या जाळ्यात ती तीन दिवस होती.
अंगावर कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे,
डोळे दुधाळ.
आणि रामटेकच्या खाली हा मे महिना:
पिळलेला पंचा दोरीवर टाकून वळावं
तर मागे पापडासारखा वाजतो.
अशा हवेत
एका जिवापुरती ओल
कुठून आणायची?

ताईच्या रुखवतातला झाकणाचा मोठा डबा घेतला.
तापल्या सळईनं बारा भोकं पाडली,
गुदमरेल म्हणून आणखी बारा,
मग निम्म्यांवर चिकटपट्टी लावली,
कारण भोकांतून सगळी ओलच पळत होती.
खाली नारळाच्या शेंड्या, गडावरच्या दुकानांमागून गोणीभर,
कुंकू लागलेल्या तेवढ्या वेचून काढल्या.
एका कोपऱ्यात फुटक्या डेऱ्याचं खापर पालथं,
त्याखाली चिंब फडकं.
दुसरा कोपरा कोरडा.
तिचं तिला ठरवू दे, बाई म्हणाल्या होत्या,
आपण फक्त दोन्ही बाजू ठेवायच्या.

ओल मोजायचं यंत्र पोस्टानं आलं, काडेपेटीएवढं.
खोलीत चौदा.
डब्यात एकतीस.
हवे होते सत्तर.
मी दर तासाला शिंपडत राहिलो.

बाबा कूलर दुरुस्त करतात.
अंगणभर वाळ्याच्या ताट्या, पोट उघडलेल्या मोटरी.
चार दिवस त्यांनी डब्याकडे पाहिलं नाही.
गिऱ्हाइकाला एवढंच म्हणाले,
"सापाले कूलर. आता हेच रायलं होतं."

आम्ही बारई. आमचा पानतांडा होता,
तो आता चौपदरी रस्त्याखाली आहे.
मला त्यातला फक्त थंडावा आठवतो:
बाहेर झळा, आणि ताटी उचलून आत शिरलं की
गुडघ्यांपासून वर चढत येणारा.
बाबा त्याबद्दल बोलत नाहीत.
पान खाणंही सोडलं त्यांनी.

पाचव्या रात्री लाइट गेली होती.
पाणी प्यायला उठलो तर बाबा डब्यापाशी उकिडवे,
हात मनगटापर्यंत आत.
ती त्यांच्या बोटांना जीभ लावून पाहत होती,
आणि ते तिला पाहू देत होते.
"वरून शिंपडतं काहून बे?
वरची ओल दिखाव्याची. बुडाशी दे.
सकाळी एकदा, उन्हं उतरल्यावर एकदा, बस.
अन् हे पाह्य, बुरशी धरली इथं.
ओल अन् सड,
दोघींत एका रातीचंच अंतर असते, पोट्ट्या."

मग जुन्या ताटीतला वाळा ओरबाडून
त्यांनी आतल्या बाजूनं टांगला.
सकाळी यंत्रात अडुसष्ट.
किती झाले, त्यांनी विचारलं नाही.

नवव्या दिवशी खापरापाशी कात,
पायमोजा काढावा तशी उलटी, अखंड,
डोळ्यांवरच्या दोन टिकल्यांसकट.
संध्याकाळी बोडीच्या काठाला
ती माझ्या हातातून पाण्यात गेली.
मागे वळून पाहणं सापांत नसतंच.
बाईंनी लिहिलं: नग एक, सोडला.
नावासाठी वहीत रकाना नव्हता.
मीही सांगितलं नाही.

डबा धुवायला घेतला तर बाबा म्हणाले, राहू दे.
दुसऱ्या दिवशी पाहतो, खापराला टेकून
वीतभर काडी रोवलेली,
नागवेलीची,
दोन डोळ्यांची.
कुठून आणली, कुणास ठाऊक.

आज अकरा दिवस झाले.
यंत्र एकाहत्तर दाखवतं.
फुटलं काहीच नाही अजून.
बाबा बुडाशी पाणी देतात,
आणि झाकण मी अजूनही हळूच लावतो,
आत कुणी झोपलं असावं
तसा.