हौद्याबाहेर

विभागाच्या गच्चीवर, ताडपत्रीखाली
वरवंट्याएवढी एक नळी, आत द्रव.
सागरमाळावरचं कुत्रं सोडलं
तर जागे दोघंच, मी आणि काउंटर.

न्यूट्रॉनवर ना धन, ना ऋण. दिसत नाही.
येतो, प्रोटॉनला उचलून आपटतो;
उजेड पडतो तो आपटलेल्याचा.
गॅमाचा झटक्यात विझतो,
याचा मागे रेंगाळतो.
त्या शेपटावर मी दोघांना ओळखते.

तात्या तालमीत माती मळायचे.
ताक, तेल, हळद, लिंबू.
पहाटे हौद्यात उकिडवे बसून वाचायचे,
"ह्यो खांद्यावर पडला. ह्यो नुसता घसारला."
टाकणारा त्यांनी पाहिलेला नसायचा.
"एका खुणंवरनं काय कळत न्हाई, शालन.
लई दिस बघावं लागतंय."

ही अकरावी रात्र.
समोरून धडक तर सगळी ताकद जाते,
ओझरती तर चिमूटभर;
एका झळाळीमागे कितीतरी शक्यता.
मॅट्रिक्स उलटवला
तर एका खान्यात उणे चार न्यूट्रॉन.
आवळेकर सर म्हणाले, येतात.

आणि जे फार वरून, फार जोरात येतात
त्यांचा प्रोटॉन नळीबाहेरच निघून जातो
उजेड अर्धा ठेवून.
आलेखात तो दुबळा दिसतो.

साडेचारला तात्या उठलेले असतात.
फोनवर सांगितलं. जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"हौद्याभाईर गेलेला गडी
मातीत हलकाच दिसनार.
फरशी बघितलीस का?"

दहाला स्टोअर उघडलं.
सही करून चार पातळ पट्ट्या घेतल्या,
नळीभोवती लावायला.