एक जानेवारी दोन हजार सहा

मंगळवार बाजारात, गंजलेले पाने आणि
एकाच पायाच्या चपलांच्या ढिगात तो पडला होता,
चंदेरी, साबणाच्या वडीएवढा.
मौलाली म्हणाला, पाचशे.
मी म्हणालो, सेलचं झाकण तुटलंय.
तो म्हणाला, म्हणून तर पाचशे.
शेवटी साडेतीनशे, वर दोन रबरबँड फुकट.
रबरबँड झाकणासाठी.

सहा मेगापिक्सेल. दोन पेन्सिल सेल.
मागच्या पडद्यावर डावीकडे एक काळा डाग,
तिथे काय आहे ते फोटो निघाल्यावरच कळतं.

आफताब लग्नाचे फोटो काढतो. त्याची एक लेन्स म्हणजे
टॉवेलच्या कारखान्यातला माझा वर्षाचा पगार.
त्यानं तो हातात घेऊन उलटापालटा केला.
"कुणाच्या पोराचं खेळणं उचलून आणलास बे?"

खरंय. बटण दाबलं की हा विचार करत बसतो.
आधी किर्र करतो, मग थांबतो, मग घेतो.
तोवर कंबर तलावाच्या काठावरची शेळी निघून गेलेली,
फोटोत नुसती शेपूट.
पहिल्या आठवड्यात माझ्याकडे अकरा शेपट्या जमल्या.

मग एका रात्रपाळीत, मागापाशी, उमजलं.
धोटा दिसायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो.
तो येणार आहे हे
डोळ्याआधी खांद्याला कळावं लागतं.
सकाळी शेळीनं अंग चोरलं, तेव्हाच मी बटण दाबलं.
चारही पाय हवेत,
मागे मिलची थंड चिमणी, उन्हानं पांढरी पडलेली.

आणि लाल!
फोनमधला लाल मिठाईच्या दुकानातला.
याचा लाल चादरीतला,
पहिल्या धुण्याला बादलीत उतरतो तो.

नरसम्मा वंगारीला पेन्शनच्या कागदावर फोटो हवा होता.
स्टुडिओवाला साठ मागतो. म्हटलं, मी काढतो.
ती दारात बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
तिनं मान वर केली तेव्हा नाही,
करणार होती तेव्हा दाबलं.
फोन तिच्या तोंडाला पीठ फासायचा.
यात नखांतला पिवळा आला, कपाळावरचं गोंदण आलं,
आणि उजव्या कोपऱ्यात केशरी आकडे:
०१.०१.२००६.

सेल काढले की याचं घड्याळ तिथंच परत जातं.
माझं लक्षच गेलं नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी फोटो उजेडात धरला.
"आजी, हा जुना आहे.
तेव्हा तुम्ही हयात होता, हे कळलं.
आत्ताचं काय?"
नरसम्मा त्यांच्या समोर उभी, हातभर अंतरावर,
घाम पुसत.

साठ रुपये गेले.

संध्याकाळी मी तारीख नीट केली.
सेल बदलले. परत एक जानेवारी.
नरसम्मा शेजारी येऊन पडद्यात बघत राहिली.
"त्या साली आमचे हे होते की रे.
तेव्हा इथंच बसायचे, माझ्या ह्या अंगाला.
जरासा इकडे फिरवून काढ."

मी कॅमेरा डावीकडे वळवला.
भिंत. खुंटी. खुंटीला सुताची लड.
आणि तो काळा डाग, नेमका पाटावर.

किर्र झालं.
मग थांबला.