पाच तास, कोझुमेल

अशोक चौकातल्या खोलीत
सुनेनं पाठवलेला कागद पसरलाय,
कोपऱ्यावर शेंगाचटणीची बरणी, उडू नये म्हणून.

सहलीच्या बसनं गेलो तर जहाज थांबतं.
आपले आपण फिरलो, उशीर झाला, तर नाही.

मी म्हटलं, बसच बरी.
सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की
घास टाकून पळालेला माणूस मी;
दोन मिनिटांनी फाटक बंद. खाडा.

नरसम्मा विड्या वळता वळता हसली.
दिवसाला हजार.
ती बोटं अजून कुठल्याच बंदरावर उतरली नव्हती.

"गिरणी बंद पडून किती वर्षं झाली?
घड्याळ तुम्ही सांभाळा.
मला नुसतं
एका अनोळखी गल्लीत
चुकायचंय."

पेन्सिलीनं बसवर काट मारली.
मग विचारलं,
जहाजाचा भोंगा
ऐकू येईल ना गं, तिथून?