जोड हलतो का?

तिसऱ्या वर्षीही डाग तिथंच उमटला,
डोळे तपासायच्या तक्त्याच्या तळाशी,
पिवळट, कडेला चहाची रेघ.
भितरवारच्या शिबिरात एका म्हाताऱ्याला म्हटलं,
बाबा, सगळ्यात खालची ओळ वाचा.
तो डोळे बारीक करून म्हणाला, "सिंध नदी."
हसलो आम्ही.
तक्ता काढला तर मागचं प्लाय
बोट लावताच भुगा.

आमची गाडी चौदा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची,
जीपमागे बांधून न्यायची,
बंद पडलेल्या एका दवाखान्याच्या लिलावातली.
पेशंट येईनात त्या एका दुपारी
मी तिचे रिव्हेट मोजले होते : अकराशे बारा.
म्हणजे अकराशे बारा ठिकाणी संशय घ्यायला जागा.
मी मात्र एकाच ठिकाणी घेतला.
छताची खिडकी शिरीषनं बसवली होती,
तर दर पावसात मी त्याच्याकडे बघायचे
आणि तो छताकडे.

दौलतगंजात खंडेलवालांनी काउंटरवर नळ्या मांडल्या.
सिलिकॉन : नाकात सिरक्याचा वास,
लावायला सोपं, चकचकीत,
पण एकदा बसलं की त्यावर दुसरं काही टिकत नाही,
रंग नाही, खुद्द सिलिकॉनही नाही
(आमच्या काकांची मतं अशीच).
आणि हा सिरकेवाला प्रकार तर पत्र्यालाच खातो.
एपॉक्सी : तासाभरात दगड.
डांबर : सासऱ्यांचा सल्ला,
सासरे स्वतः डांबरासारखेच,
उन्हात पाघळणारे, थंडीत तडकणारे.

खंडेलवाल आमच्याशी मराठीच बोलतात,
लश्करातली, हिंदीच्या चालीवर चालणारी.
"बाईसाहेब, पहिले हे सांगा, जोड हलतो का?"
म्हटलं, गाडी उभी असली की नाही हलत.
"उभीच हलते. मेमध्ये सत्तेचाळीस,
जानेवारीत तीन. पत्रा पसरतो, आखडतो,
आपल्याला कळत नाही एवढंच.
घट्ट होणारी चीज नेऊ नका,
ती पहिल्या हिवाळ्यात हात सोडेल."
मग खालच्या खणातून करड्या पट्टीची गुंडाळी काढली,
ब्यूटिलची, च्युइंगगमसारखी मऊ.
"ही वाळतच नाही कधी."
मी विचारलं, हा दोष ना?
ते बिल करत होते.
वरून फिरवायला पॉलियुरेथेनची एक नळी,
तीही ताणली जाणारी.
"पण आधी भोक शोधा. भोक सापडल्याशिवाय
माझं दुकानच चालेल, गाडी नाही."

मुरारच्या मैदानात रविवारी
शिरीष शिडीवर, हातात पाइप.
मी आत, अंधारात, टॉर्च घेऊन.
खालून वर जायचं, एकेका सांध्याला दहा मिनिटं,
नाहीतर पाणी चकवतं.
खिडकीवर धार धरली. दहा मिनिटं. वीस.
कोरडं.
मी म्हटलं, अजून धर.
त्यानं धरली, काही न बोलता.

तो पुढे सरकला, पार पुढच्या टोकाला,
आणि तक्त्याच्या जागी थेंब आला.
डाग मागे, भोक पुढे,
मधे नऊ फूट
बरगडीच्या आतून पाणी चालत आलेलं.
वर चढून बघितलं : दोन स्क्रू, गंजलेले.
एका सव्वीस जानेवारीला झेंड्याची काठी लावायला
मीच ड्रिल मागून आणलं होतं शेजाऱ्यांकडून.
काठी दुसऱ्या दिवशी काढली.
भोकं राहिली.

शिरीषनं काही विचारलं नाही.
मीच सांगितलं, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून,
जरा मोठ्यानं, कारण पाइप चालू होता.
"बंद कर तो," तो म्हणाला.
मग आम्ही जुनं सिलिकॉन खरवडत बसलो,
प्लास्टिकच्या पात्यानं, नखांनी,
तीन वर्षांचं, थरावर थर,
सगळं त्याच्या खिडकीभोवतीचं.

ब्यूटिल हातावरून जात नाही.
रॉकेल लावलं, गोडं तेल लावलं.
दुसऱ्या दिवशी मोहन्यात पहिली बाई
नवा चष्मा घालून म्हणाली, "कोहरा है."
काच काढून उजेडात धरली.
माझा अंगठा होता, करडा,
अजून मऊ.