काटा शून्यावर येऊ दे

ओजसने माझ्या फोनमध्ये झाड लावून दिलं.
म्हणाला, आत्या, पंचवीस मिनिटं फोनला हात लावला नाहीस
तर ते वाढतं.
लावलास, की मरतं.
पहिल्याच दिवशी मी नऊ झाडं मारली.
त्यातलं एक तर
नुसती वीजबिलाची तारीख बघायला.

मी औषधांच्या खोक्यातले कागद मराठीत आणते.
तेच, घडीवर घडी घातलेले,
मुंगीएवढ्या अक्षरांतले,
एकदा उघडले की पुन्हा त्याच घडीत न बसणारे.
शब्दाला एक रुपया दहा पैसे.
घरून काम. म्हणजे आधी घराचं,
मग कुरिअरवाल्याचं, मग वैद्यवहिनींच्या विरजणाचं,
आणि उरलेल्या फटींतून माझं.

शेवटी माळ्यावरून आबांचं घड्याळ काढलं.
चरईतला स्टुडिओ बंद झाला तेव्हा
एन्लार्जर भंगारात गेला,
पासपोर्ट फोटोसाठी ठेवलेला कोट
कुणीतरी मुलाखतीला म्हणून नेला तो नेलाच.
हे राहिलं. ताटाएवढी तबकडी, हिरवट चमकणारे काटे,
साठापासून उलटं चालत शून्याशी येणारं,
आणि आलं की कर्कश ओरडणारं.

लहानपणी मी त्या दाराबाहेर उभी.
आत लाल दिवा.
आबा, आई बोलावतेय.
आबा, माझी पट्टी कुठाय?
आतून एकच, न चिडता:
काटा शून्यावर येऊ दे.
मध्येच दार उघडलं तर
उथळसरच्या कुणाच्या तरी लग्नातली
अख्खी पंगत काळी होऊन जायची.

आता मी टेबलाशी बसते,
काटा पंचविसावर नेते
आणि नसलेलं दार लावून घेते.
बेल वाजते. वहिनी, वाटी घेऊन.
काटा शून्यावर येऊ दे, मी ओरडते.
बाहेर शांतता.
मग चपला, जिन्याने खाली, जरा जास्तच जोरात.

ओजसने मोजून बघितलं.
हे पंचविसात दीड मिनिट मागे पडतं, आत्या.
मला ठाऊक होतं.
पंचविसाच्या जरा अलीकडे
तांबड्या पेन्सिलीची आबांची रेघ आहे.
मी काटा रेघेवर लावत नाही.

कामाचं असं जमलं. सुट्टीचं जमेना.
पाच मिनिटांत मी भांडी विसळायचे, फोन लावायचे,
एका कामातून उठून दुसऱ्यात बसायचे.
आबा डार्करूममधून आले की
स्टुडिओच्या पायरीवर टेकत,
हायपोचा वास लागलेली बोटं गुडघ्यांवर पसरून,
वाळत घातल्यासारखी.
समोर रस्ता. बघण्यासारखं काही नाही.
आई म्हणायची, गिऱ्हाईक काय म्हणेल.

आज एका शब्दावर अडले.
या गोळीने रुग्णाला काय येतं?
गुंगी? ती तर ऑपरेशनच्या टेबलावरची.
सुस्ती लिहावं तर आजाऱ्याला शिवी दिल्यासारखं.
झोप? ती येत नाही म्हणूनच तर गोळी घेतात काही जण.
तीन फेऱ्या गेल्या. तबकडी तीनदा ओरडली.
शब्दकोश उघडाच ठेवून गॅलरीत आले
आणि सुट्टीचा काटा लावला.

खाली खोपटचा रस्ता, डेपोत वळणारी एसटी,
गेटपाशी खुर्चीत रात्रपाळी करून थांबलेला भंडारी.
त्याची मान हळूहळू खाली,
एकदम वर,
पुन्हा हळूहळू.
टोपली उतरवत भाजीवाली म्हणाली,
झाली का याची पेंग सुरू?

पेंग.
सकाळपासून खुर्चीत बसला होता
माझा एक रुपया दहा पैसे.

आत धावले नाही.
तीन मिनिटं होती अजून.
कठड्यावर बोटं पसरून ठेवली, दहाच्या दहा.
एसटी वळली. दुसरी वळली.

मग आत घड्याळ ओरडलं
आणि खाली भंडारी ताडकन उठला,
टोपी सारखी केली
आणि रिकाम्या गेटला
सलाम ठोकला.