पाऊण इंच

माझ्या मापवहीत तो सदुसष्टाव्या पानावर आहे.
अय्यूब होडेकर, दाभोळ. छाती बेचाळीस, बाही साडेचोवीस,
आणि समासात लाल पेन्सिलीनं :
उजवा खांदा पाऊण इंच जास्त.
बापाच्या तरीवर पोरवयापासून एकाच बाजूला बसलेला.

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
माझं मशीन भिंतीकडे तोंड करून.
तो दारात टेकून म्हणायचा,
‘मास्तर, तुमीबी वल्हेकरीच.
पाठ फिरवून पुढं जाता.’

खाडीतल्या शर्यतीला तीस वल्ही लागतात.
एकोणतीस तिथलेच, मोती काढणाऱ्यांचे नातू.
तिसावा तापानं पडला, म्हणून
टगवरच्या ह्या खलाशाला बसवलं.
पुढं चार वर्षं नाखवा खल्फाननं त्याला उठू दिलं नाही.
चार कप. तीन गावी गेले,
चौथ्यात आम्ही खोलीतले सातजण
दात घासायचे ब्रश ठेवायचो.

शेवटच्या रेषेपाशी उभं राहिलं
की चेहरे दिसत नाहीत,
पाठी येतात अंगावर. तीस पाठी,
मीच शिवलेले पांढरे शर्ट.
त्यातला एक वाकडा खांदा
मी लांबूनच ओळखला, आणि ओरडलो,
मी, ज्याला पोहताही येत नाही.

सत्त्याऐंशी साली दर्यात जहाजं जळत होती.
भांडण दोघांचं, तेल तिसऱ्याचं,
खलाशी कुठकुठले.
ह्याचं टग आग विझवायला जाई.
परतला की शर्ट काजळीनं काळा.
‘हे निघायचं नाही,’ मी म्हणे.
‘राहू दे. बटणं तेवढी लाव.’

फारसी बेटाच्या अलीकडे एक टँकर.
सुटकेच्या होडीचं इंजिन बसलं,
ह्यानं वल्ही काढली.
दोन फेऱ्यांत अकरा माणसं आणली,
त्यात एक कोचीचा पोरगा.
तिसऱ्या फेरीचं तोच सांगतो :
‘जाताना तो आमच्याकडंच बघत होता.
आगीकडे त्याची पाठ होती.’

कंपनीचं पत्र आलं. सेवेत असताना, असं लिहिलेलं.
खाली शिक्का, त्यावर जहाजाचं चित्र.

ईदचा शर्ट हँगरला राहिला होता.
दोन वर्षांनी इमारतीच्या राखणदाराला दिला.
तो म्हणाला, छान आहे,
फक्त उजवीकडे जरा सैल पडतो, आत घ्या.
सुई हातात होती.
म्हटलं, शिवण आता उसवत नाही.