एक फूट कमी

खोली दहा बाय सात.
सात म्हणजे सातच. टेप तीनदा लावला,
एकदा गिलाव्यावरून, एकदा गिलावा खरवडून,
एकदा आक्काताई झोपल्यावर तिचं कपाट सरकवून.
इंजिन चार फुटांची त्रिज्या मागतंय.
चार नि चार आठ.

लहान घ्यायचं की, सगळे म्हणतात,
परातीएवढ्या जागेत फिरणारी गाडी मिळते आता.
मिळते. पण उजव्या डोळ्यात मोतीबिंदू,
आणि ही बोटं एकतीस वर्षं चाव्या ठोकलेली,
मिरज ते भिलवडी, भिलवडी ते मिरज.
तांदळाएवढं चाक या बोटांना सापडत नाही.
म्हणून जिनगोंडा फिटरनं पितळेत घडवलं,
माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब,
चाकांच्या तीन जोड्या.
मधली जोडी वळणाला राजी नाही.

तीन फुटांच्या वळणावर घातलं, पडलं.
साडेतीनवर घातलं,
अर्ध्यात थांबून विचार केल्यागत केलं, मग पडलं.
बाहेरच्या रुळाखाली पत्ते सारून उंची दिली,
राजा, गुलाम, चौकटची नव्वी.
आतल्या बाजूला पडलं.

वळण कसं तपासतात, सांगतो.
दोरीनं. दुसरं काही लागत नाही.
रुळावर दोन जागी दोन टोकं ताणून धरायची
आणि बरोबर मधोमध मोजायचं
दोरी रुळापासून किती लांब राहिली.
साहेब त्याला व्हर्साइन म्हणायचा,
आमच्या गँगमध्ये नुसतं पोट.
पोट सगळीकडं सारखं, तर वळण चांगलं.
कुठं फुगलं, कुठं बसलं, की गाडी हिसका देते
आणि डब्यातली झोपलेली माणसं कूस बदलतात.
कशानं बदलली, त्यांना कळत नाही.

दोरी घरात नव्हती.
भिंतीपलीकडे गौसभाईचा सतारींचा कारखाना,
चढवताना तुटलेली एक तार त्यानं दिली.
फरशीवर खडूनं पुरं वळण काढलं,
भिंतीपाशी येऊन खडू थांबला. उरलेलं कागदावर.
मग भिंतीच्या अंगालगत तार ताणली,
हिशेब केला.
पोट एक फूट.
भिंतीची जाडी दीड.

आक्काताईला म्हणालो, देवळी करतो एक.
"पाच फूट लांब देवळी? कुठला देव बसवताय?"
बसणारा नाही, म्हणालो. जाऊन-येऊन असतो.

नऊ दिवस छिन्नी. माती, विटा,
एका विटेवर कुणाचा तरी ओला अंगठा, वाळून राहिलेला.
ती वीट ठेवून दिली.
दहाव्या दिवशी छिन्नी पलीकडे गेली,
हिसका बसला, उजेड आला
आणि उजेडात गौसभाईचा डोळा.
"चौगुले, इकडंच यायचं होतं तर
आधी तिकीट तरी काढायचं."

मी बोळ्यानं बुजवतो म्हणालो.
तो नको म्हणाला. आत गेला,
मंगळवेढ्याकडचा भोपळा घेऊन आला, चीर गेलेला,
सतारीला निकामी. अर्धा कापून
त्याच्या बाजूनं भोकावर पालथा बसवला, सरस लावून.
आता शेवटच्या डब्याचा कोपरा
वळताना भोपळ्यात बोटभर शिरतो
आणि काही न सांडता बाहेर येतो.

पत्ते परत लावले. या खेपेला घाई नाही,
आधी एक, मग दोन, मग तीन,
वळण येतंय हे चाकांना हळूहळू कळेल असं.

रात्री साडेनवाला गाडी सोडली.
एक फेरा. दुसरा. उभी.
तिसऱ्या फेऱ्याला भिंतीतून गौसभाईचा आवाज:
खुंटीवरची नवी सतार बोलतीय,
कुणी हात लावलेला नाही,
तरफेच्या तारा आपोआप.
मी विचारलं, कुठला सूर?
जरा वेळ काही नाही. गाडी तेवढी गेली.
मग म्हणाला, चढलाय. थोडा उतरव.

मी वाकलो, डावा डोळा रुळाला लावला
आणि चौकटची नव्वी काढून घेतली.